लीगचं नंतर, आधी फॉर्म-3 चं बघ

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, हॉकीत राइट हाफ (उजव्या बाजूने मधल्या फळीत) खेळतोस आणि नागपुरातून हॉकी लीग, मग कोचिंग असा रस्ता आहे का, हे तुला विचारायचंय. आहे, पण मधलं मोठं स्टेशन तू गाळलंस, ते म्हणजे खेळाडू कोट्यातून मिळणारी खात्याची नोकरी. लीगच्या 2024 च्या लिलावात पुरुषांचे संघ 8 आणि प्रत्येकात भारतीय जागा 16. सगळ्या देशातून 128 पोरं. घर चालतं ते रेल्वे, सेनादल, तेल कंपन्या, कॅग (सरकारी हिशेब तपासणारं खातं) यांच्या पगारावर.

आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आलास की विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून फॉर्म-3, म्हणजे कोट्यासाठी लागणारं खेळल्याचं प्रमाणपत्र, लगेच सही-शिक्क्यासह घे. राज्याकडून राष्ट्रीय खेळलास तर फॉर्म-2. दोन वर्षांनी मागायला गेलास तर अधिकारी बदललेले असतात, संघाची यादी सापडत नाही. नाव दहावीच्या सनदेशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. काही पदांना नुसता सहभाग पुरत नाही, स्पर्धेत क्रमांक लागतो. जाहिरात नीट वाच. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोघींचेही विभाग आहेत, पण भरती एकीची मुंबईहून, दुसरीची बिलासपूरहून निघते. दोन्हींवर लक्ष ठेव. रेल्वेच्या खेळाडू कोट्याच्या खुल्या भरतीत साधारण 50 गुण कामगिरीला, 40 ट्रायलला आणि 10 शिक्षणाला असतात.

ट्रायलमध्ये मुरमावर खेळलेला हाफ पटकन ओळखू येतो. स्टिक उभी धरून बॉल थांबवायची सवय असते. टर्फवर बॉल सपाट, वेगात येतो आणि स्टिकखालून निघून जातो. गुडघे वाकव, डावा हात पुढे ने, म्हणजे स्टिकचा दांडा बॉलकडे झुकतो आणि बॉल जागीच मरतो. रोज शंभर बॉल असे घे, निम्मे रिव्हर्सवर (स्टिक उलटी फिरवून). नव्वद टक्के कार्बनची महागडी स्टिक यासाठी उलट त्रासाची, बॉल उसळून दूर जातो. हाफला कमी कार्बनची, मिड बो (मधोमध वाक असलेली) बरी. आणि ट्रायलला ड्रिबल दाखवत बसू नकोस. हाफकडून बघतात ते चॅनल (समोरच्याची पासची वाट) बंद करणं आणि पहिल्या टचनंतरचा पास.

कोचिंगसाठी निवृत्तीची वाट कशाला बघायची? हॉकी इंडियाचा बेसिक, मग लेव्हल 1 हे खेळता खेळता होतात. पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही रजा टाकून जमतो. वर्षभराच्या डिप्लोमाला मात्र खात्याची परवानगी लागते, आणि सरकारी कोचच्या जाहिरातीत बहुधा तोच मागतात.