नवी वेबसाइट सर्च इंजिनांत आणि डिरेक्टरीत सबमिट कशी करायची? पैसे देऊन "५०० ठिकाणी सबमिट" करून घ्यावं का?

पैसे अजिबात घालवू नका. डिरेक्टऱ्यांचा, म्हणजे वेबसाइटींच्या विषयवार याद्यांचा, जमाना कधीच गेला, याहूची डिरेक्टरी २०१४ च्या शेवटी बंद झाली, डीमॉझ ही दुसरी मोठी डिरेक्टरी २०१७ मध्ये, आणि आता ५०० ठिकाणी म्हणजे ५०० कचरा साइट्स, जिथून एक माणूस तुमच्याकडे येणार नाही, उलट इनबॉक्स स्पॅमने भरेल ते वेगळंच. तुमच्याच धंद्याची एखादी डिरेक्टरी असेल जी लोक खरंच उघडून बघतात, तर तिथे टाका, बाकी सोडा.

गुगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं फुकट टूल) साइट व्हेरिफाय करा, म्हणजे ती तुमचीच आहे हे दाखवा, साइटमॅपची, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेल्या फाइलची, लिंक द्या (एका फाइलमध्ये ५०,००० यूआरएल चालतात, तेवढी तुमची नसणारच), मग होमपेजचा पत्ता तिथल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाकून रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबा, म्हणजे पान सर्चमध्ये घ्या अशी गुगलला विनंती जाते. बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये तर सर्च कन्सोलमधूनच सगळं इम्पोर्ट होतं, दोन मिनिटांचं काम. डकडकगो या सर्च इंजिनाचे बरेचसे रिझल्ट बिंगकडूनच येतात, त्यामुळे तिथे वेगळं काही करायला नको.

आणि हो, सबमिट करायच्या आधी एक बघा. मी एकदा तीन आठवडे डोकं आपटत बसलो होतो, साइट दिसेचना, शेवटी कळलं की वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना नको म्हणणारा तो टिकमार्क साइट बनवताना मीच करून ठेवलेला 🤦 तो काढला आणि चार दिवसांत पेजेस यायला लागली. robots.txt फाइलमध्येही (सर्च इंजिनांनी कुठे यायचं नाही ते सांगणारी फाइल) Disallow पुढे नुसता स्लॅश (/) राहिलाय का तेही बघून घ्या, त्याचा अर्थ अख्खी साइट बंद.