जायचं असेल तर जा, पण मदत करायला म्हणून नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएसडब्ल्यू झालंय, इराकी कुर्दिस्तानातल्या विस्थापितांना भेटायला एक शांतता शिष्टमंडळ निघालंय, खर्च ज्याचा त्याने करायचा, घरचे नको म्हणतायत, आणि तिथे आपला उपयोग काय हे तुम्हालाच कळत नाहीये. मी अशा शिष्टमंडळातून जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मदत करायला चाललोय, हे आधी डोक्यातून काढा. तंबू, औषधं, धान्य पोचवणारे लोक वेगळे असतात आणि ते त्यात तरबेज असतात. आपण जायचं ते ऐकायला, आणि परतल्यावर त्याबद्दल बोलत-लिहीत राहायला. हे दुसरं जमणार नसेल तर तिकिटाचे पैसे तिथल्या एखाद्या स्थानिक संस्थेला पाठवा, जास्त कामी येतील. (ही कल्पना परक्यांची आहे असंही समजू नका. संघर्षाच्या जागी निःशस्त्र पथकं पाठवणाऱ्या पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनलच्या प्रेरणांमध्ये विनोबांची शांतिसेनाही आहे.)

कुर्दिस्तानातले विस्थापित म्हणजे एक गठ्ठा नव्हे. दुहोकजवळच्या शारिया, खानके या छावण्यांत शिंगालचे, म्हणजे नकाशावरच्या सिंजारचे, यझिदी या अल्पसंख्य धर्माचे लोक राहतात. ऑगस्ट 2014 मध्ये इसिसचा हल्ला झाला तेव्हा तिथून सुमारे चार लाख माणसं पळाली. बगदादच्या केंद्र सरकारने 30 जुलै 2024 पर्यंत छावण्या बंद करायचं ठरवलं आणि परतणाऱ्या कुटुंबाला 40 लाख दिनार देऊ केले. आकडा मोठा वाटतो, पण रुपयांत ते अडीच लाखांच्या आसपास होतात. पडलेलं घर तेवढ्यात उभं राहतं का? मुदत उलटली तरी हजारो कुटुंबं तंबूतच राहिली.

दुसरे लोक तुर्कस्तानच्या सीमेलगतच्या डोंगरातले. पीकेके या आपल्याशी लढणाऱ्या सशस्त्र कुर्दी संघटनेच्या मागावर तुर्कस्तानने वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले, ठाणी बसवली, गावं ओस पडली. ही माणसं छावणीत नसतात. कुणी शहरात भावाकडे, कुणी भाड्याच्या खोलीत, त्यामुळे मोजणीतही सहज सापडत नाहीत. मला विचाराल तर शिष्टमंडळाचा खरा उपयोग इथेच. एका शेतकऱ्याने घराच्या धाब्यावर नेऊन समोरचा उतार दाखवला: ती द्राक्षं माझी, त्याच्यावरचं ठाणं त्यांचं. खाली आल्यावर नान आणि द्राक्षाची काकवी पुढे ठेवली आणि ती दुकानातून आणलीय म्हणून दोनदा माफी मागितली. मे 2025 मध्ये पीकेकेने संघटना विसर्जित करत असल्याचं जाहीर केलं, जुलैत सुलेमानियाजवळ शस्त्रंही जाळली. पण ठाणं डोक्यावर असेपर्यंत बागेत कोण जाणार?

छावणीत एक पथ्य पाळाच. आमच्यातल्या एकाने चहा पिता पिता एका बाईंना विचारलं, "तुम्ही इसिसच्या तावडीतून सुटलात कशा?" दुभाषी मुलीने ते कुर्दीत सांगितलंच नाही. तिने तंदूर कुणी बांधला ते विचारलं आणि बाई अर्धा तास खुलून बोलल्या. अशी माणसं तीच कहाणी कितीतरी पाहुण्यांना सांगून थकलेली असतात. इसिसच्या कैदेतून सुटलेल्या, शांततेचं नोबेल मिळालेल्या यझिदी कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या पुढाकाराने 2022 मध्ये लैंगिक हिंसा सोसलेल्यांशी कसं बोलावं याची आचारसंहिता आली, मुराद कोड म्हणून. जाण्याआधी ती वाचून घ्या.

आयोजक कोण आणि कुणाच्या जवळचे, हे मात्र खोदून विचारा. जून 2021 मध्ये युरोपातून निघालेल्या अशाच शिष्टमंडळातल्या काहींना ड्युसेलडॉर्फ विमानतळावर अडवलं, काहींना एर्बिलहून परत पाठवलं. एर्बिल-दुहोककडे केडीपी या कुर्दी पक्षाचं राज्य, सुलेमानियात पीयूके या दुसऱ्या पक्षाचं, आणि तुर्कस्तानशी दोघांचं नातं सारखं नाही. सिंजारला जायचा बेत असेल तर परवानग्यांचं प्रकरण आणखी वेगळं. चेकपोस्टवर फोटो काढू नका, कुणी आग्रह केला तरी.

घरच्यांची भीती खोटी नाही. 2014 मध्येच मोसुलजवळ 39 भारतीय कामगार मारले गेले, आणि त्याच वर्षी कल्याणचे चार तरुण इसिसमध्ये जायला इराकला गेले होते, तेव्हा विमानतळावर तुम्हाला चार प्रश्न जास्त विचारले गेले तर चिडू नका. निमंत्रणपत्र हाताशी ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाची सूचना निघायच्या आठवड्यातही पाहा. एर्बिलला आपली वाणिज्य वकिलात आहे, तिथे नाव नोंदवा आणि तो नंबर आईच्या फोनमध्ये घाला. प्रवासविम्यात युद्धामुळे झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, त्यामुळे बारीक अक्षरातलं सगळं वाचूनच पैसे भरा.