मैदानाआधीचा कागद : पोलीस शिपाई भरतीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे पोलीस भरतीविषयीची आहेत, आणि त्यांतली बहुतेक बीड, परभणी, हिंगोली व धाराशिव या जिल्ह्यांतून आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. उत्तरांना आधार महाराष्ट्र पोलीस शिपाई (सेवाप्रवेश) नियम, २०११ आणि त्यांत नंतर झालेल्या सुधारणांचा, विशेषतः २०२२ च्या सुधारणेचा आहे. तरीही अर्ज भरताना ज्या घटकात अर्ज करायचा आहे, त्या घटकाची चालू जाहिरातच प्रमाण मानावी.

प्रश्न : माझा मुलगा बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाला आहे. आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला जातो, त्यामुळे वर्षातले पाच-सहा महिने घरी नसतो. मुलाला बीड, जालना, पुणे आणि मुंबई अशा चारही ठिकाणी अर्ज भरायचे आहेत. ते चालेल का? मुख्य अटी कोणत्या? (एक पालक, ता. गेवराई, जि. बीड)

उत्तर : आधी चार अर्जांविषयी, कारण या एका चुकीमुळे चांगली मुले बाद होताना मी पाहिली आहेत. पोलीस शिपाई या एका पदासाठी राज्यभरात एकाच घटकात आणि एकच अर्ज करता येतो. 'घटक' म्हणजे एखाद्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक कार्यालय किंवा शहराचे पोलीस आयुक्तालय. बीडला एक आणि पुण्याला एक असे त्याच पदाचे दोन अर्ज आढळले, तर उमेदवारी रद्द होऊ शकते. मात्र शिपाई, चालक, राज्य राखीव पोलीस दलातील सशस्त्र शिपाई आणि कारागृह शिपाई ही पदे वेगवेगळी असल्याने प्रत्येकासाठी स्वतंत्र अर्ज करण्याची मुभा जाहिरातीत असते. मराठवाड्यात राखीव दलाचे गट जालना, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, परंतु त्या पदाची मापे निराळी आहेत, हे पुढे येईलच.

घटक निवडताना तो विचारपूर्वक निवडावा. महाराष्ट्राचा अधिवासी असलेला उमेदवार सामान्यतः कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करू शकतो (गडचिरोलीत स्थानिक रहिवासाची वेगळी अट असते), आणि गुणवत्ता यादी घटकनिहाय व प्रवर्गनिहाय लागते. त्यामुळे आपल्या प्रवर्गाच्या त्या घटकात किती जागा आहेत, हे न पाहता केवळ 'मुंबईत जागा जास्त' म्हणून अर्ज टाकण्यात शहाणपण नाही. जागा जास्त असतात तेथे अर्जही तितकेच पडतात.

आता अटी. शिक्षण बारावी उत्तीर्ण किंवा शासनाने समकक्ष ठरविलेली परीक्षा; शाखा कोणतीही चालते, पण निकाल अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी लागलेला असला पाहिजे. बारावीची परीक्षा दिली आहे आणि निकाल यायचा आहे, असा उमेदवार पात्र धरला जात नाही. वय खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २८ वर्षे आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ वर्षांपर्यंत. पुरुषांची उंची किमान १६५ सेंटीमीटर आणि छाती न फुगवता किमान ७९ सेंटीमीटर, फुगविल्यावर किमान ५ सेंटीमीटरने वाढणारी. राखीव दलासाठी मात्र उंची १६८ सेंटीमीटर आणि वय खुल्या प्रवर्गासाठी २५ पर्यंतच आहे. मराठी लिहिता, वाचता व बोलता येणे आवश्यक आहे, हे आपल्याकडच्या मुलांना सांगावे लागत नाही. तथापि लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात आणि 'मराठी तर येतेच' या समजुतीपायी नेमके तेच गुण जातात.

निवड अशी होते : प्रथम ५० गुणांची शारीरिक चाचणी. तिच्यात पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २०, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ गुण आहेत. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोग्रॅमचा असतो. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपविल्यास पूर्ण २० गुण, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत संपविल्यास पूर्ण १५ गुण आणि गोळा ८.५० मीटर गेला तर पूर्ण १५ गुण मिळतात. ५० पैकी किमान २५ गुण मिळविणाऱ्यांमधून प्रत्येक प्रवर्गाच्या एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेस बोलावले जातात. म्हणजेच २५ गुण मिळाले की लेखीचे बोलावणे येणारच, असे नाही. मैदानाचा कट-ऑफ बहुधा त्याच्या बराच वर लागतो. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असून अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्यज्ञान व चालू घडामोडी आणि मराठी व्याकरण हे तिचे विषय आहेत. तिच्यात किमान ४० टक्के गुण आवश्यक आहेत. अंतिम यादी दोन्ही चाचण्यांच्या बेरजेवर लागते.

तुम्ही हंगामात बाहेर असता, म्हणून एक सूचना मुद्दाम करतो. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) यांसाठी वडिलांची कागदपत्रे आणि पुष्कळदा वडिलांचे प्रतिज्ञापत्र लागते. दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर गेली, की मुलगा एकटाच तहसीलच्या खेट्या मारत राहतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. हे दाखले तुम्ही ऊसतोडीला निघण्यापूर्वीच काढून ठेवावेत. जाहिरातीची वाट पाहू नये.

प्रश्न : माझी उंची घरी मोजली तर कधी १५४.५, कधी १५५ सेंटीमीटर भरते. अर्ज करू की नको? मुलींची चाचणी वेगळी असते का? (एक वाचक, वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : महिलांसाठी किमान उंची १५५ सेंटीमीटर आहे आणि ती प्रत्यक्ष मैदानावर अनवाणी मोजली जाते. तुम्हाला येणारा फरक खोटा नव्हे. दिवसभराच्या वावराने मणक्यांमधील चकत्या किंचित दबतात, म्हणून सकाळी उंची थोडी जास्त आणि संध्याकाळी थोडी कमी भरते. नियम मात्र हा फरक ओळखत नाही, मोजणीच्या क्षणी पट्टीवर जे भरेल तेच खरे. तुम्ही अर्ज करावा, असे माझे मत आहे. टाचा व पाठ टेकवून सरळ उभे राहण्याचा सराव करावा आणि मोजणी चुकीची वाटल्यास तेथेच, त्याच दिवशी उपस्थित वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आक्षेप नोंदवावा. घरी येऊन केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.

महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. त्यास २० गुण असून २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत पूर्ण गुण मिळतात. १०० मीटरसाठी पूर्ण गुणांची वेळ १४ सेकंद आहे, आणि ४ किलोग्रॅमचा गोळा ६ मीटर गेल्यास पूर्ण १५ गुण आहेत. गोळाफेक हा मुलींचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. गावात धावायला रस्ता असतो, गोळा मात्र नसतो. तालुक्याच्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे विनंती करून पाहावी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रास्ता रोको आंदोलनात माझ्यावर गुन्हा दाखल झाला. आता शासनाने असे गुन्हे मागे घेतले, असे सांगतात. गावातील जाणते म्हणतात की अर्जात काही लिहू नकोस. काय करावे? (एक वाचक, ता. कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : लिहावे. याविषयी मनात तिळमात्र संदेह ठेवू नये.

निवड झाल्यानंतर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतला जातो आणि चारित्र्य पडताळणी होते. आपल्याला कधी अटक झाली होती का, आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालला होता का, अशी नेमकी विचारणा त्यात असते. पोलीस ठाण्याच्या अभिलेखात तुमचे नाव आहे आणि पडताळणी पोलीसच करतात, तेव्हा ते लपेल ही अपेक्षाच मुळात भाबडी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे या विषयाचा सविस्तर विचार केला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि तिच्यात काही दडविलेले नसावे, हे त्या निर्णयाचे पहिले सूत्र आहे. कोवळ्या वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दिली गेली नसेल, तरी नियुक्ती प्राधिकारी आपल्या विवेकाने तिकडे दुर्लक्ष करू शकतात, असेही न्यायालयाने म्हटले. पण हा प्राधिकाऱ्यांचा विवेक आहे, उमेदवाराचा हक्क नव्हे. उलट बाजूही सांगतो : खरी माहिती दिली म्हणून नियुक्ती मिळेलच, असे नाही. गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना राहतो.

दुसरी गोष्ट 'गुन्हे मागे घेतले' या शब्दांविषयी. शासनाने तसे ठरविल्याने खटला आपोआप संपत नाही. सरकारी अभियोक्त्याने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती लागते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. म्हणून वर्तमानपत्राचे कात्रण जपून ठेवण्याऐवजी न्यायालयात जाऊन आपल्या खटल्याचा आदेश झाला आहे का, हे पाहावे आणि झाला असल्यास त्याची प्रमाणित प्रत काढावी. नमुन्यात गुन्हा क्रमांक, कलमे आणि सद्यःस्थिती स्पष्ट लिहून ती प्रत जोडावी.

प्रश्न : आमचे घर १९९३ च्या भूकंपात पडले. भूकंपग्रस्तांसाठी पोलीस भरतीत जागा असतात का? (एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लागू झालेले भूकंपग्रस्तांचे २ टक्के समांतर आरक्षण पोलीस भरतीलाही लागू आहे, आणि या गटासाठी कमाल वयोमर्यादा ४५ वर्षांपर्यंत शिथिल आहे. त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेले भूकंपग्रस्त प्रमाणपत्र हवे. घर पडल्याचा जुना पंचनामा किंवा पुनर्वसनातील घराचा उतारा त्याची जागा घेऊ शकत नाही. समांतर आरक्षण म्हणजे काय, हे अनेकांना कळत नाही, म्हणून सांगतो : ही जागा तुमच्या सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजली जाते. वय शिथिल असले, तरी उंची व चाचणीचे गुण शिथिल नाहीत. चाळिशीत १६०० मीटर धावणे हा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा आहे.

प्रश्न : मला तीन अपत्ये आहेत. वय ३१, इतर मागास प्रवर्ग. मी पात्र आहे का? (एक वाचक, पाथरी, जि. परभणी)

उत्तर : नाही. लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे २००५ चे नियम लागू आहेत. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे संख्या दोनपेक्षा जास्त झाली असल्यास उमेदवार अपात्र ठरतो. एका अपत्यानंतरच्या दुसऱ्या प्रसूतीत जुळी झाली असतील, तर ती एकच धरली जातात. तुमचे तसे असल्यास पुन्हा कळवावे.

प्रश्न : आमच्या आजोबांची निजामकालीन नोंद सापडली आणि मला कुणबी जातीचा दाखला मिळाला, पण जात वैधता अजून नाही. अर्जात कोणता प्रवर्ग लिहावा? (एक वाचक, ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने आपल्याकडील जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने त्या शोधण्याचे काम केले आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णयही निघाला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका तारखेवर अवलंबून आहे. दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र ही दोन्ही जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीतील असतील, तर इतर मागास प्रवर्गातून अर्ज करता येईल. एकदा नोंदविलेला प्रवर्ग पुढे बदलता येत नाही. वैधतेसाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे आजच अर्ज करून पोच जपून ठेवावी, कारण दाखला अवैध ठरल्यास झालेली निवडही टिकत नाही. या पर्यायाऐवजी २०२४ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातून अर्ज करावयाचा असेल, तर त्या कायद्यास न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि त्या वर्गातील नियुक्त्या न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहतात, हे ध्यानात घ्यावे. कुणबी आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग असे दोन्ही दाखले हाती असणाऱ्यांनी दोहोंचा लाभ एकाच अर्जात मागू नये.

प्रश्न : मी पदवीधर आहे. शिपाई व्हावे की थेट फौजदार? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : पोलीस उपनिरीक्षकाची थेट निवड जिल्हा घटक करीत नाही, ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या स्पर्धा परीक्षेतून होते. तिला पदवी लागते, पुरुषांची उंची तेथेही १६५ सेंटीमीटर आहे, महिलांची मात्र १५७. दोन्हींची तयारी एकत्र करता येते आणि शिपाई झालेल्या पदवीधराला आयोगाची दारे बंद होत नाहीत, फक्त विभागाची परवानगी घेऊन अर्ज करावा लागतो.

प्रश्न : एक ओळखीचे गृहस्थ 'मैदान काढा, पुढचे मी पाहतो' म्हणून पैसे मागत आहेत. (एक वाचक, ता. माजलगाव, जि. बीड)

उत्तर : धावण्याची वेळ आता इलेक्ट्रॉनिक चिपवर घेतली जाते, मैदानावर कॅमेरे असतात, लेखीची उत्तरपत्रिका यंत्रावर तपासली जाते आणि उत्तरतालिका जाहीर होऊन तिच्यावर हरकती मागविल्या जातात. या गृहस्थांना पाहण्यासारखे 'पुढचे' फारसे उरलेले नाही. जी मुले स्वतःच्या बळावर निवडली जाणार असतात, त्यांचेच पैसे ते ठेवून घेतात आणि उरलेल्यांना परत करण्याचे वायदे देत राहतात. पैसे देऊ नयेत. दिले असल्यास पोलीस अधीक्षक कार्यालयात किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करावी.