उसाचा रस ठेवला की काळपट का पडतो? उन्हामुळे का?

ऊन हे मुख्य कारण नव्हे. सावलीत झाकून ठेवला तरी रस काळवंडतोच. उसातली फिनॉल नावाची संयुगं पेशीच्या रिक्तिकेत (द्रवानं भरलेल्या पिशवीत) असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबं असलेलं विकर (एन्झाइम) लवकांत, म्हणजे पेशीतल्याच वेगळ्या कप्प्यांत. चरकात कांडं चिरडलं की दोघांची गाठ पडते, हवेतला ऑक्सिजन मिळतो, फिनॉलचं ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन ही संयुगं बनतात आणि ती एकमेकांना जोडली जाऊन तपकिरी रंग चढतो.

उजेडाचं काम जिवंत पानात चालतं. तिथं प्रकाशात हरितलवकांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, त्यानंही फिनॉलचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं. पण पानातलं क जीवनसत्त्व बरंचसं सावरून घेतं.

कोल्हापूरला रंकाळा तलावावर रसात लिंबू पिळतात ते नुसतं चवीला नाही. आंबटपणानं विकर मंदावतं, क जीवनसत्त्व क्विनोनचं परत फिनॉल करतं. गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळीनं विकरच संपतं. (गुळाचा रंग हा मात्र वेगळा विषय.)