क्लेओ नुसती चालते, मग त्यात तत्त्वज्ञान कुठे?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत फ्रेंच दिग्दर्शिका आन्येस वार्दांचा ‘क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन’ (1962) दाखवला. कॅन्सरच्या रिपोर्टची वाट बघत एक गायिका पॅरिसभर भटकते, एवढंच. नंतरच्या चर्चेत सगळे अस्तित्ववादावर, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो असं मानणाऱ्या तत्त्वज्ञानावर, बोलत होते. मला तो कुठे दिसलाच नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : चर्चा बाजूला ठेवा आणि फक्त आरसे बघा. पूर्वार्धात क्लेओ जाईल तिथे आरसा आहे. पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या बाईकडून ती रडत उतरते, खालच्या आरशात स्वतःला न्याहाळते आणि मनाशी म्हणते की, मी सुंदर आहे तोवर जिवंत आहे. अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्र म्हणतो, दुसऱ्याची नजर पडली की माणूस त्या नजरेपुरता वस्तू होऊन जातो. क्लेओने तर वस्तू होणं आवडीने पत्करलंय. मरणाच्या भीतीने नेमका त्यालाच तडा जातो.

घरी एक गाणं गाता गाता ती कोसळते, डोक्यावरचा विग उपसून काढते, काळा ड्रेस चढवून एकटी बाहेर पडते. रस्त्यातल्या आरशापुढे तिला कळतं की, सगळे आपल्याकडे बघतात असं वाटायचं, पण आपण स्वतःखेरीज कुणाकडे बघितलेलंच नाही.

यानंतरचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. मोंपार्नासच्या ‘ल दोम’ कॅफेत ती ज्यूकबॉक्सवर स्वतःचंच गाणं लावते आणि गॉगल घालून टेबलांमधून फिरते. कुणी ढुंकूनही बघत नाही. लोक आपापल्या गप्पांत. इथून पुढे कॅमेराच तिचे डोळे होतो आणि अनोळखी चेहरे आपल्यावर रोखले जातात. तुम्हाला ‘नुसतं चालणं’ वाटलं ते हेच. तत्त्वज्ञान संवादांत शोधलंत तर हाती लागणार नाही, कारण ते कोण कुणाकडे बघतंय यात आहे.

मग मोंसूरी बागेत सुट्टी संपवून अल्जीरियाच्या युद्धावर परत निघालेला सैनिक आंत्वान भेटतो. फुकट मरायची त्याला भीती वाटते. दोघांपुढेही मरण आहे, पण त्याच्यापाशी ती पहिल्यांदा आपलं खरं नाव सांगते, फ्लोरान्स. डॉक्टर गाडीतूनच दोन महिन्यांचे उपचार सांगून निघून जातो. आजार खराच निघतो, आणि तरी ती म्हणते की भीती गेल्यासारखी वाटतेय.

पुन्हा दाखवला तर जरूर जा. नावात पाच ते सात असले तरी चित्रपटातली गोष्ट संध्याकाळी साडेसहालाच संपते. उरलेला अर्धा तास वार्दांनी तिच्यावर सोडलाय.