पीएचडीनंतर राष्ट्रीय प्रयोगशाळेत जायचंय? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर): सर, माझा थिसिस बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीतल्या कास्टिंगवर (धातूच्या ओतकामावर) आहे. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, व्हायचा आहे. पंचवीस शास्त्रज्ञांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. बेळगावचं नाव बघून बाजूला टाकतात का?

उत्तर: नाही, ताई. तुम्ही पाठवलेला मेल मी वाचला. "आपल्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी द्यावी" हेच वाक्य पंचवीस जणांना गेलंय, आणि तुमचं खरं काम जोडपत्राच्या तिसऱ्या पानावर दडलंय. सुरुवातच कामानं करा. साच्यातला ओलावा वाढला की ब्लोहोल (ओतलेल्या धातूत वायूमुळे राहणारी पोकळी) किती वाढतात, हे तुम्ही चालू फाउंड्रीत भट्टीशेजारी उभं राहून मोजलंत, ते पहिल्या ओळीत येऊ दे. कापलेल्या तुकड्याचा एक फोटो जोडा. मग त्या शास्त्रज्ञाचे अलीकडचे दोन पेपर वाचा आणि तुमचं मोजमाप त्यांच्या कामात कुठं बसतं ते तीन ओळींत सांगा. पंचवीस नकोत, पाचच मेल करा, पण असे. हैदराबादची डीएमआरएल ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा धातूंवरच काम करते, बेंगळुरूची एनएएल ही राष्ट्रीय प्रयोगशाळा विमानाच्या मटेरियलवर. अशा ठिकाणी बेळगाव लपवायचं नाही, पुढं करायचं.

आणि व्हायवासाठी थांबू नका. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपला (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला) थिसिस सादर केलेल्यांनाही अर्ज करता येतो.

प्रश्न (निपाणी): वय 31. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) रिसर्च असोसिएट, म्हणजे ठरावीक मुदतीचा संशोधक, म्हणून निवड झाली आहे. बाबा म्हणतात, "पर्मनंट नाही, मग कशाला जातोस?"

उत्तर: जा. 2023 पासून पहिल्या श्रेणीच्या असोसिएटला महिन्याला 58,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, पुण्यात एकट्याचं भागतं. बाबांची काळजी मात्र खोटी नाही. एनसीएल ज्या सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची आहे, तिथं कायम सायंटिस्ट पदाची वयोमर्यादा 32 आहे. आरक्षित वर्गांना सवलत आहे, पण पोस्टडॉकची वर्षं त्यातून वजा होत नाहीत. "अजून एक पेपर येऊ दे, मग अर्ज करतो" म्हणत थांबलेली आपल्या भागातली हुशार पोरं मी दोन-दोन महिन्यांनी वय हुकताना पाहिली आहेत, आणि अजून हळहळ वाटते. रुजू झाल्या दिवसापासून प्रत्येक जाहिरातीला अर्ज टाका. 32 उलटलं तर सीनियर सायंटिस्टचं दार 37 पर्यंत उघडं असतं, पण तिथं अनुभव मोजून मागतात.

प्रश्न (चिकोडी): माझ्याकडे 3-ब चा जातीचा दाखला आहे. अशा केंद्राच्या जागांवर आरक्षणासाठी चालेल?

उत्तर: नाही. ती कर्नाटक सरकारची वर्गवारी. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का ते आधी बघा. असेल तर तहसीलदार कचेरीत केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला मागा.

प्रश्न (बेळगाव): मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पोस्टडॉकसाठी घर सोडणं शक्य नाही. संशोधन संपलंच का?

उत्तर: मुळीच नाही. इंदूरच्या आरआरकॅट या केंद्राच्या संशोधन संस्थेत इंडस-2 सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे नमुने तपासायला अतिशय तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र. तिथं बाहेरच्या संशोधकांनाही प्रस्ताव लिहून बीमटाइम, म्हणजे यंत्र वापरायची वेळ, मागता येतो. सुट्टीत नमुने घेऊन जायचं, मोजमाप करायचं, आकडे घेऊन परत यायचं. प्रस्तावाचा कच्चा मसुदा पाठवा, मी वाचून देतो.