महिन्याभराच्या सुट्टीत अमेरिकेत जाऊन प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) मिळेल का?

कागदावर मिळेल, पण मी त्या भरवशावर परतीचं तिकीट काढणार नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिची साधारण किमान अट 40 तासांच्या उड्डाणाची आहे: त्यात निदान 20 तास इन्स्ट्रक्टरसोबत आणि 10 तास एकट्याने. प्रत्यक्षात बहुतेकांना 60-70 तास लागतात, आणि बिल तासांवर येतं. जाहिरातीतलं ‘पॅकेज’ बहुधा 40 तासांचंच असतं, हे लक्षात ठेवा.

टुरिस्ट व्हिसावर हे शिक्षण चालत नाही. एम-1 हा व्यावसायिक प्रशिक्षणाचा विद्यार्थी व्हिसा लागतो, आणि त्यासाठीचा आय-20 फॉर्म (प्रवेश मिळाल्याचा दाखला) परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेली शाळाच देऊ शकते. शिवाय टीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेची तपासणी पार पडल्याशिवाय परदेशी नागरिकाचं प्रशिक्षण सुरूच होत नाही. ही कामं निघण्याआधी उरका.

थिअरी घरीच घोटून जा. लेखी परीक्षेत 60 प्रश्न, पास व्हायला 70 टक्के. तिथे पोहोचून पुस्तक उघडणं म्हणजे डॉलर मोजून अभ्यास करणं. मेडिकलही लवकर करून घ्या. चष्म्याने सहसा अडत नाही, रंगांधळेपणाने मात्र अडचण येऊ शकते.

हवामान पाहूनच गाव निवडा. फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेला, म्हणजे सकाळचेच स्लॉट कामाचे. सगळे पैसे आगाऊ मागणारी शाळा असेल तर सरळ दुसरी बघा. आणि भारतात परतून उडवायचं असेल तर डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाचे कन्व्हर्जनचे (परदेशी लायसन्स भारतीय करून घेण्याचे) नियम आधीच वाचून ठेवा.